संगणकाचा अहर्गण

रायपूरच्या समता कॉलोनीतील एखाद्या घरी भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा गणिताने मानलेला मध्यम सूर्य त्या घराच्या बरोबर मध्याह्नी आलेला नसतो. त्यास आणखी सुमारे साडेतीन मिनिटांचा अवकाश असतो. याचे कारण सोपे आहे. भारतीय प्रमाणवेळ ही ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरील वेळ होय. ही रेखा छत्तीसगड राज्यातूनच जाते. परंतु रायपूर तिच्या किंचित पश्चिमेस, ८१ अंश ३८ कलांच्या आसपास वसलेले आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, यास्तव हा अल्प फरक पडतो. मुंबईत हाच फरक सुमारे ३९ मिनिटांचा आहे. म्हणजे प्रमाणवेळ ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून माणसांनी सोयीसाठी केलेला एक करार आहे. करार म्हटला की त्याला आरंभ असतो, अपवाद असतात आणि प्रसंगी बदलही असतात.

घरातील घड्याळास हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. संगणकास मात्र तो ठाऊक असावा लागतो. कार्यालयांतील वेतनपत्रके, ग्रंथालयांतील पुस्तकांच्या परतीच्या तारखा, रेल्वेची आरक्षणे, निवृत्तिवेतनाची खाती ही सर्व कामे आज आज्ञावलींच्या, म्हणजे संगणकास ओळीओळीने लिहून दिलेल्या आज्ञांच्या, साहाय्याने चालतात. अशा आज्ञावलीत तारीख आणि वेळ यांचे गणित कसे होते आणि ते कोठे चुकते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दिवसांची रास

तारखांचे गणित अवघड का, हे प्रथम पाहू. महिने कधी तीस दिवसांचे, कधी एकतीस दिवसांचे. फेब्रुवारीचा नियम आणखी निराळा. अशा असमान मापांनी दोन घटनांमधील अंतर मोजणे म्हणजे लांडी-लांब काठी घेऊन शेत मोजण्यासारखे होय. यावर भारतीय ज्योतिषांनी फार पूर्वीच एक उपाय योजिला होता. कलियुगाच्या आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस लोटले ते मोजावयाचे आणि पुढील सर्व गणित त्या एका संख्येवर करावयाचे. या संख्येस त्यांनी 'अहर्गण' हे नाव दिले. अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह. अहर्गण म्हणजे दिवसांची रास.

या पद्धतीत एक गैरसोय होती. काळ जसजसा पुढे जातो तसतसा अहर्गण वाढत जातो, आणि मोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार हाताने करणे कष्टाचे होते. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचिला, तेव्हा कलियुगापासूनचा अहर्गण सोळा लाख सत्याऐंशी हजारांच्या घरात गेला होता. त्यांनी गणनेचा आरंभच जवळ आणला आणि अकरा अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची, चक्रे कल्पिली. झालेली चक्रे निराळी लिहावयाची आणि चालू चक्रातील दिवस तेवढे निराळे मोजावयाचे. त्यामुळे अहर्गण कधीच फार मोठा होत नाही. महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी हा ग्रंथ पिढ्यानुपिढ्या वापरला, यात नवल ते कोणते?

संगणकाने हाच मार्ग धरिला आहे. युनिक्स आणि तिच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या लिनक्स आदी प्रणालींत काळाची गणना ग्रिनिच येथील रेखांशावर आधारलेल्या जागतिक वेळेप्रमाणे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून होते. फरक एवढाच की येथे दिवसांऐवजी सेकंद मोजतात. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. १९७० पूर्वीचा क्षण असेल तर संख्या ऋण येते. भारतात त्या आरंभक्षणी पहाटेचे साडेपाच वाजले होते. एखाद्या यंत्रात तारीख भरावयाची राहून गेली आणि तिच्या जागी शून्य उरले, की पडद्यावर '१ जानेवारी १९७०, सकाळी ५.३०' अशी नोंद उमटते. अनेकांनी ती पाहिली असेल. तिचा उगम हा असा आहे.

आज्ञेची भाषा

लिनक्सच्या पडद्यावर 'डेट' एवढीच आज्ञा दिली असता चालू दिनांक व वेळ मिळते. त्या आज्ञेपुढे अधिकचिन्ह आणि मग शेकडाचिन्हांकित अक्षरे लिहिली, की हव्या त्या रूपात उत्तर मिळते. मोठ्या लिपीतील 'वाय' म्हणजे चार अंकी वर्ष, लहान 'एम' म्हणजे महिना, लहान 'डी' म्हणजे दिवस. येथे लहानमोठ्या लिपीचा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. मोठा 'एम' लिहिला तर महिन्याऐवजी मिनिटे मिळतात. लहान 'एस' लिहिला तर १९७० पासूनचे एकूण सेकंद, आणि मोठा 'एस' लिहिला तर चालू मिनिटातील सेकंद. ही चूक विशेष घातक आहे. कारण आज्ञा अडत नाही, ती निमूटपणे चुकीची संख्या देते आणि मिनिटांची संख्या बारांच्या आत असेल तेव्हा ती महिन्यासारखीच दिसते.

तारीख कोणत्या क्रमाने लिहावी, हाही प्रश्न लहान नव्हे. '०३/०४/२०२४' हे लेखन भारतात ३ एप्रिल असे वाचले जाते. 'डेट' ही आज्ञा मात्र अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे ते ४ मार्च असे समजते. या गोंधळावर १९८८ साली एक आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले: प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस. या रीतीचा आणखी एक लाभ आहे. '२०२४-०४-०३' अशी नावे दिलेल्या धारिका अकारविल्हे लावल्या की त्या आपोआप कालक्रमाने लागतात. ग्रंथालयाच्या रोजच्या नोंदी साठवावयाच्या असतील तर हीच पद्धत उपयोगी पडते.

वेळेचे कोष्टक

सेकंदांची संख्या साऱ्या जगात एकच असते. तिचे रूपांतर स्थानिक दिनांकात करावयाचे, तर त्या स्थळी त्या काळी कोणती वेळ पाळली जात होती, हे संगणकास सांगावे लागते. यासाठी जगातील सर्व कालपट्टांचे एक कोष्टक बहुतेक प्रणालींत असते. त्यात भारताची नोंद 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. मुंबईचा रहिवासी असो वा समता कॉलोनीतील, यंत्रास हेच नाव द्यावे लागते. 'आय-एस-टी' ही संक्षिप्त अक्षरे देऊन भागत नाही, कारण आयर्लंड आणि इस्राएल या देशांच्या वेळाही त्याच अक्षरांनी ओळखल्या जातात.

या नोंदीत भारतातील वेळेचा इतिहास साठविलेला आहे. रेल्वेने पूर्वी मद्रासची वेळ प्रमाण मानली होती. ती ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे होती. १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईकरांनी ती सहजी स्वीकारली नाही. आपली जुनी 'बॉम्बे टाइम' त्यांनी त्यानंतरही कित्येक वर्षे जपली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र साऱ्या देशाची घड्याळे हलविली गेली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे साडेसहा तास. आज ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात आहे. कोष्टक मात्र ती विसरलेले नाही, आणि येथेच एका विलक्षण चुकीचा उगम आहे.

एका जन्मतारखेचे उदाहरण

समजा, समता कॉलोनीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील आजोबांचा जन्म १ मार्च १९४४ रोजी झाला. केंद्र सरकारच्या सेवेतून ते निवृत्त झाले आहेत. नियमाप्रमाणे निवृत्तिवेतनधारकाच्या वयास ८० वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के वाढ मिळते. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला तरी वाढ त्याच महिन्यापासून धरतात. त्याप्रमाणे या आजोबांची वाढ १ मार्च २०२४ पासून सुरू व्हावयास हवी.

आता असे समजू की त्यांची जन्मतारीख एका यंत्रावर सेकंदांच्या रूपाने साठविली. दिवस दिला, वेळ दिली नाही. म्हणून यंत्राने मध्यरात्र धरली. त्या यंत्रावर 'एशिया/कोलकाता' ही नोंद होती. मार्च १९४४ मध्ये भारताची वेळ साडेसहा तास पुढे होती, हे कोष्टकातून पाहून यंत्राने गणित केले. १ मार्च १९४४ पासून १ जानेवारी १९७० पर्यंत ९,४३७ दिवस होतात. त्यांचे सेकंद ८१,५३,५६,८००. त्यात साडेसहा तासांचे २३,४०० सेकंद मिळविले, आणि उणे ८१,५३,८०,२०० ही संख्या नोंदविली गेली. येथवर सर्व यथास्थित आहे.

ही संख्या पुढे दुसऱ्या यंत्राकडे गेली. तेथील आज्ञावली लिहिणाऱ्याने असा विचार केला की भारताची वेळ तर सदैव साडेपाच तास पुढे. मग कोष्टकाची आवश्यकता काय? त्याने संख्येत सरळ साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळविले. उत्तर एक तास मागे आले: २९ फेब्रुवारी १९४४, रात्रीचे अकरा. पडद्यावर वेळ दाखवावयाची नव्हती, केवळ तारीख दाखवावयाची होती. म्हणून '२९ फेब्रुवारी १९४४' असे उमटले. १९४४ हे लीप वर्ष असल्याने ही तारीख अस्तित्वात आहे, आणि कोणास शंका येण्याचेही कारण उरले नाही.

एका तासाच्या फरकाने दिवस बदलला, दिवसाने महिना बदलला. वाढ एक महिना आधी, १ फेब्रुवारी २०२४ पासून, सुरू होईल. आणि चूक उघडकीस आली की अधिक दिलेली रक्कम परत मागितली जाईल. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि सरकारी नोंदीत दुसरी, असे झाले तर ऐंशी वर्षांच्या वृद्धास आपली ओळख पटविण्यासाठी खेटे घालावे लागतील. दोष आजोबांचा नाही, आणि पाहू जाता कोणत्याही एका यंत्राचाही नाही. दोन्ही यंत्रांनी आपापल्या परीने गणित बरोबरच केले. मात्र त्यांचे कालविषयक गृहीत एक नव्हते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की संख्या तयार करताना जे कोष्टक वापरले तेच ती उलगडतानाही वापरावे. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. जन्मतारीख हा क्षण नव्हे. तो दिवस आहे. ती सेकंदांत साठविण्याचे कारणच नाही. वर्ष, महिना, दिवस ही तीन अंगे जशीच्या तशी लिहून ठेवली तर कोणत्याही कालपट्टाचा तिला स्पर्श होत नाही.

मोजणीतील सापळे

दोन तारखांमधील दिवस मोजावयाचे असता आज्ञावली लिहिणारे सामान्यतः दोन्हींचे सेकंद काढतात, वजाबाकी करतात आणि ८६,४०० ने भागतात. युक्ती उत्तम आहे; परंतु ती प्रत्येक दिवस चोवीस तासांचा मानते. ३१ ऑगस्ट १९४२ च्या दुपारपासून १ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत भारतात तेवीसच तास झाले. शेलमधील भागाकार अपूर्णांक टाकून देतो, म्हणून उत्तर येते शून्य दिवस. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची रीत आहे, तेथे हा सापळा दरवर्षी लागतो. यावर उपाय असा की दिवस मोजताना दोन्ही तारखा जागतिक वेळेतील मानाव्यात. तिच्यात घड्याळ मागेपुढे होत नाही.

महिन्यांची बेरीज याहून फसवी आहे. '३१ जानेवारी २०२४ अधिक एक महिना' असे विचारले तर लिनक्सवरील 'डेट' ही आज्ञा २ मार्च असे उत्तर देते. तिने महिना एकाने वाढविला, ३१ फेब्रुवारी मिळाली, आणि फेब्रुवारीचे एकोणतीस दिवस संपल्यावर उरलेले दोन दिवस मार्चमध्ये टाकले. पुढील महिन्याचे नाव हवे असेल तर चालू महिन्याच्या पंधरा तारखेपासून गणना करावी. पंधरा तारीख प्रत्येक महिन्यात असते.

तिसरा सापळा वर्षातून दोनच महिने दिसतो. शेलच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या दशमान पद्धतीची न मानता अष्टमान पद्धतीची मानतात. अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. 'डेट' महिना दोन अंकांत देते: '०१', '०२' इत्यादी. सातव्या महिन्यापर्यंत सारे सुरळीत चालते, कारण तेथवर दोन्ही पद्धतींत किंमत एकच आहे. ऑगस्ट उजाडला की '०८' येते आणि आज्ञावली अडते; सप्टेंबरातही तीच गत. ऑक्टोबरात '१०' आले की ती पुन्हा चालू लागते, आणि चूक शोधणारा चक्रावून जातो. संख्या दशमान आहे असे स्पष्ट सांगणे किंवा आरंभीचे शून्य काढून टाकणे, हा यावरील उपाय होय.

चौथा सापळा मध्यरात्रीचा. आज्ञावलीत प्रथम तारीख विचारली आणि नंतर स्वतंत्रपणे वेळ विचारली, तर दोन प्रश्नांच्या मध्ये मध्यरात्र उलटू शकते. ३१ डिसेंबरच्या २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांनी तारीख घेतली आणि क्षणार्धाने वेळ घेतली, तर '३१ डिसेंबर, ०० वाजून ०० मिनिटे' अशी नोंद होते. ती खऱ्या क्षणाच्या चोवीस तास मागची असते. यास्तव घड्याळ एकदाच पाहावे आणि मिळालेल्या संख्येतून सर्व भाग काढावेत.

याच्याच जोडीने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूरच्या केंद्रांतील कित्येक यंत्रे जागतिक वेळेवर चालतात. रायपुरात रात्री बारा वाजून पाच मिनिटे झाली, की त्या यंत्रांवर आदल्या दिवसाचे १८ वाजून ३५ मिनिटे झालेली असतात. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपली तारीख त्यांच्या तारखेच्या एक दिवस पुढे असते. या अवधीत चालणाऱ्या आज्ञावलीत कालपट्टाचे नाव स्पष्ट लिहिले नाही, तर आजच्या नोंदी कालच्या तारखेखाली जमा होतात.

राशीची मर्यादा

गणेश दैवज्ञांस वाढत्या अहर्गणाची जी अडचण वाटली, तीच संगणकासही आली आहे. सेकंदांची संख्या साठविण्यासाठी पूर्वी ३२ द्विमान अंकांची जागा राखीत असत. त्यात मावणारी सर्वांत मोठी धन संख्या २१४,७४,८३,६४७ ही होय. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदास अशा यंत्रातील संख्या ऋण होईल आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. नवी यंत्रे ६४ अंकांची जागा वापरतात. तीत मावणारा काळ माणसाच्या कल्पनेपलीकडचा आहे. मात्र जुन्या उपकरणांत आणि जुन्या धारिकांत लहान जागा अद्याप आढळते, ती वेळीच बदलावयास हवी. दैवज्ञांनी संख्या लहान केली. आजच्या तंत्रज्ञांनी पात्र मोठे केले. प्रश्न एकच, उत्तरे दोन.

पृथ्वीच्या गतीचाही उल्लेख करावयास हवा. तिचे परिवलन अणुघड्याळाइतके नियमित नाही. म्हणून १९७२ पासून जागतिक वेळेत प्रसंगविशेषी एकेक सेकंद अधिक घालण्यात आला, जणू सेकंदांचा अधिक मासच. २०१६ च्या अखेरीपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. त्यांतील शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचला एक सेकंद कमी असताना आला. युनिक्सची गणना हे सेकंद मोजतच नाही. तिचा दिवस नेहमी ८६,४०० सेकंदांचाच. नित्य व्यवहारात त्यामुळे बाध येत नाही. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये असे ठरविले आहे की २०३५ पर्यंत ही पद्धत बदलावी.

शाळेत किंवा ग्रंथालयात लिनक्सचे यंत्र असेल तर विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. कालपट्ट 'एशिया/कोलकाता' असा निश्चित करून 'डेट' या आज्ञेस १ सप्टेंबर १९४२ ची मध्यरात्र विचारावी. यंत्र ती तारीख अग्राह्य ठरवील. पाहणाऱ्यास प्रथम वाटेल की यंत्र चुकले. यंत्र चुकलेले नाही. त्या रात्री बारा वाजताच भारताची घड्याळे एकावर नेली गेली. मध्यरात्रीनंतरचा पहिला तास या देशात घडलाच नाही. आता घरी जाऊन ऐंशी वर्षांवरील आजोबा-आजींना त्यांची जन्मतारीख विचारावी आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, सेकंदांच्या फंदात न पडता, वहीत उतरून ठेवावी.